गावचा पूल आणि त्याच्या गोष्टी

पूल गावाच्या बाहेर असतो, पण त्याचे नाव गावाच्या तोंडी नेहमी असते. "पुलापर्यंत जाऊन येतो." "बंडी पुलाजवळ उभी कर." "पुलावर पाणी चढलं का रे?" असे आपण किती वेळा बोलतो! पूल जुना असला म्हणजे त्याच्या गोष्टीही जुन्या असतात. कोणी म्हणते, पुलाच्या खांबात बळी दिलेला आहे. कोणी म्हणते, पुलाखाली मुंजा राहतो. कोणी काठीने खांबावरची जागा दाखवून सांगते, "त्या साली पाणी इथवर आलं होतं."

या गोष्टी खऱ्या की खोट्या? सगळ्या खऱ्या नाहीत आणि सगळ्या खोट्याही नाहीत. काही गोष्टींत मोठे शहाणपण आहे. काही गोष्टींपायी मात्र निरपराध माणसांचे जीव गेले आहेत. म्हणून त्या निवडून पाहाव्या लागतात. घरात आपण धान्य निवडतो, खडे बाजूला काढतो आणि दाणे ठेवतो, तसेच. या पाठात आम्ही ते काम आपल्याबरोबर करणार आहोत.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. एक घाटावरचा. त्यात बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा मुलूख येतो. दुसरा घाटाखालचा. त्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ही ठिकाणे येतात. घाटाखालून पूर्णा नदी वाहते.

आपल्याकडे म्हण आहे की, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. ऋषीचे राहू द्या, पण नदीचे मूळ शोधलेलेच बरे. पूर्णा सातपुड्यात उगम पावते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून ती आपल्या जिल्ह्यात येते. पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे ती तापीला मिळते. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन या नद्या दक्षिणेकडून तिच्या खोऱ्यात पाणी आणतात. उत्तरेकडून सातपुड्याचे पाणी येते. म्हणजे आपल्या वावरात थेंब पडला नाही तरी पूर्णेला पूर येऊ शकतो. पाऊस वर कोठे तरी पडलेला असतो. जुनी माणसे आभाळाकडे पाहत नसत, सातपुड्याकडे पाहत. डोंगर काळा दिसला की गुरे अलीकडे आणत.

पुलाच्या आधी काय होते?

पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात नदीच्या दोन काठांचे जणू दोन देश होत. मध्ये डोंगा चाले. नावाड्याला सुगीत धान्य देत. पूर मोठा असला की डोंगाही बंद. मग बाळंतीण अडली तरी सुईण अलीकडे आणि घर पलीकडे. कापसाची बंडी बाजाराला निघाली तर काठावरच उभी. माहेरवाशीण सणाला यायची, तर भाऊ नदीच्या त्या तीरावर पाणी उतरण्याची वाट पाहत बसलेला. जात्यावर बसलेल्या बायांनी या अडकलेल्या भावाबद्दल किती ओव्या गायिल्या असतील, त्यांना हिशेब नाही.

मग रेल्वे आली. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूने जाऊन १८६७ साली नागपूरला पोचला. खामगावची कापसाची बाजारपेठ मोठी. तिच्यासाठी जलंबपासून खामगावपर्यंत वेगळा फाटा टाकला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला. रेल्वे म्हणजे पूल आलेच, कारण घाटाकडून उतरणारे नाले आणि नद्या आडव्या होत्या. मागून सडका आल्या, सडकांवर पूल आले. लोकांनी एवढी मोठी दगडी बांधणी वाहत्या पाण्यात उभी राहताना प्रथमच पाहिली. तेव्हा गोष्टी सुरू झाल्या नसत्या तरच नवल.

मोठे बांधकाम झाले की लोक त्याच्याभोवती गोष्ट गुंफतातच. मेहकरचा कंचनीचा महाल पहा. कंचनी नावाची नर्तकी होती. लोणारच्या देवीचा दिवा आपल्या महालावरून दिसावा म्हणून तिने महाल उंच उंच चढवला. देवीला ते रुचले नाही आणि कंचनीचा दगड झाला, असे सांगतात. खुद्द लोणारची गोष्ट आणखी जुनी. तेथे लवणासुर राहत होता, विष्णूने त्याला मारले, आणि तो खळगा म्हणजे त्याचे घर, असे लोक सांगत आले. शास्त्रज्ञांनी दगड तपासले आणि सांगितले की, आकाशातून मोठी उल्का येऊन आदळली, त्यामुळे तो खळगा झाला. आज लोणारला आपण दोन्ही ऐकतो. दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन हात जोडतो आणि उल्केची माहितीही वाचतो. त्यात कोणाचे नुकसान नाही. पण पुलाची एक गोष्ट अशी आहे की तिने नुकसान होते. तीच आधी घेऊ.

पुलाला बळी लागतो काय?

जुना पूल आहे, तेथे ही गोष्ट बहुधा ऐकू येते. सांगणारा आवाज खाली आणतो. "काय सांगू बाप्पा, दिवसा खांब बांधावा अन् रात्री पडावा. इंजिनेर हैराण झाला. मंग बळी देला, तवा कुठी उभा राह्यला."

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. कानडी मुलखात 'केरेगे हार' नावाचे लोकगीत आहे. त्यात तळ्याला पाणी लागत नाही म्हणून घरची धाकटी सून भागीरथी हिला बळी देतात. दूर ग्रीस देशात आर्टा नावाचे गाव आहे. तेथल्या पुलाचे गाणे असे की, गवंडी दिवसभर बांधत आणि रात्री पूल कोसळे. शेवटी मुख्य गवंड्याची बायको पायात चिणली, तेव्हा पूल टिकला. कानडी शेतकऱ्याने ग्रीस पाहिला नव्हता. ग्रीसच्या गवंड्याला कर्नाटक ठाऊक नव्हते. मग दोघांची गोष्ट सारखी कशी? कारण दोघांची भीती सारखी होती. पाणी माणसापेक्षा बलवान आहे. त्याच्या वाटेत आपण खांब रोवतो, तर ते काही तरी मोबदला मागेल, असे दोघांनाही वाटले.

गाण्यात आणि कहाणीत ही भीती राहिली तर ती साहित्य आहे. पण ती रस्त्यावर उतरली तर काय होते पहा. बांगलादेशात पद्मा नदीवर सहा किलोमीटरहून लांब पूल बांधला जात होता. २०१९ सालच्या जुलै महिन्यात तेथे आवई उठली की, पुलाला मुलांची मुंडकी लागतात आणि ती नेणारे लोक गावोगाव फिरत आहेत. फोनवरून आवई घरोघर पोचली. अनोळखी माणूस दिसला की जमाव धावू लागला. आठ माणसे मारली गेली. त्यांत आपल्या मुलीच्या शाळाप्रवेशाची चौकशी करायला शाळेत गेलेली एक आई होती. त्या पुलाला कोणाचेही मुंडके लागले नाही. पूल २०२२ साली सुरू झाला.

हे परदेशात झाले म्हणून आपण सुटलो नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी, मुले पळवणारी टोळी आली अशी आवई उठली आणि जमावाने पाच माणसांना ठार मारले. ते सोलापूरकडचे भिक्षेकरी होते. पोट भरायला आले होते. तेथे पुलाचे निमित्त नव्हते, पण भीती तीच होती: परका माणूस आला, तो आपले मूल नेणार.

म्हणून आम्ही येथे स्पष्ट लिहितो. पुलाला बळी लागत नाही. कोणत्याही बांधकामाला लागत नाही. महाराष्ट्रात २०१३ सालापासून नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे. असे कृत्य करणे आणि त्याला उत्तेजन देणे हा गुन्हा आहे. आणि कोणी "मुले पळवणारे आले" असे ओरडले, तर काठी उचलू नये. पोलीस पाटलाला सांगावे किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. आलेला माणूस खरोखर चोर असला तरी त्याला पोलिसांच्या हवाली करावे. नसला तर एक निरपराध जीव वाचतो.

खांब रात्री का पडे?

पण गोष्टीतला एक प्रश्न उरतोच. खांब दिवसा बांधावा आणि रात्री पडावा, असे खरेच होत असेल काय? होय, होऊ शकते. त्याची कारणे समजून घेऊ.

पूर्णेच्या काठची जमीन आपल्याला ठाऊक आहे. काळी माती, खाली गाळ, रेती, पुन्हा गाळ. हा गाळाचा थर शेकडो फूट खोल आहे. घाटावर थोडे खणले की दगड लागतो, घाटाखाली तसा तो हाती लागत नाही. गाळावर नुसता खांब ठेवला तर तो कलणारच. शिवाय वाहते पाणी खांबाला अडले की बाजूने भोवरा धरते आणि खांबाच्या बुडाची रेती उकरून नेते. चिखलात पाय रोवून ओढ्यात उभे राहा, म्हणजे कळेल. थोड्या वेळात टाचेखालची रेती निघून जाते आणि तोल जातो. खांबाचेही तसेच होते. वरून खांब धडधाकट दिसतो, पण खालून पोकळ झालेला असतो.

मग पाया कसा घालतात? नदीच्या पात्रात विहीर उतरवतात. दिवाळीनंतर पाणी उतरले की काम सुरू होते. आधी रेतीवर एक मोठे लोखंडी कडे ठेवतात. त्याची खालची कड धारदार असते. कड्यावर गोल भिंत बांधतात. मग आतली रेती काढत जातात. आतली रेती निघाली की भिंत आपल्या वजनाने खाली बसते. वर आणखी भिंत चढवायची, आतून आणखी रेती काढायची. असे करीत करीत विहीर खोल, घट्ट थरापर्यंत जाते. मग तळ काँक्रीटने बंद करतात, आत रेती भरतात, तोंडावर जाड झाकण घालतात आणि त्यावर खांब उभा करतात. आपण विहीर वरून खाली खणतो. येथे बांधलेली विहीरच खाली उतरते, एवढाच फरक.

आता काठावर उभ्या असलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नजरेने हे पाहा. नदीच्या मध्ये खोल गोल खड्डा. आत माणसे उतरतात. संध्याकाळी मोजली तर कधी एखादे कमी. कोणी रेतीखाली दबले, कोणी पाण्यात गेले, कोणी तापाने किंवा पटकीने छावणीतच मेले. कामाच्या आरंभी नारळ फुटलेला, शेंदूर लागलेला. आणि शेवटी तो खड्डा कायमचा बंद. मग तो माणूस घरी जाऊन काय सांगणार? "आत माणूस घातला." बळी कोणी दिला नव्हता. पण कामावर माणसे मेली होती, हे खरे होते. त्यांची नोंद कोणी घेतली नाही, म्हणून ती गोष्टीच्या रूपाने उरली.

पुलाच्या दगडावर कधी कधी साल कोरलेले असते, साहेबाचे नाव असते. ज्यांनी दगड घडवले त्या पाथरवटांचे, ज्यांनी माती वाहिली त्या वडार-बेलदारांचे नाव नसते. दुष्काळाच्या कामांचेही तसेच. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडच्या हजारो बायामाणसांनी खडी फोडली, रस्ते केले, बंधारे घातले. त्यांच्यातली कित्येक आजही आपल्या घरात आहेत. "या सडकेची खडी मी फोडली, हातावर सुकडी घेऊन जेवलो," असे एखादी आजी सांगते. ही गोष्ट निवडून ठेवण्याजोगी आहे. ती खरी आहे आणि ती दगडावर कोठे लिहिलेली नाही.

गूळ, उडीद आणि चुना

"जुन्या पुलात गूळ घातलाय, म्हणून तो हालत नाही." ही गोष्ट ऐकून शिकलेली पोरे हसतात. त्यांनी हसू नये. पूर्वी सिमेंट नव्हते. चुना वापरत. तो घाणीत मळत. जमिनीत गोल चर, चरात दगडी चाक, चाकाला बैल. बैल फिरत आणि चाकाखाली चुना व रेती रगडली जाई. त्या चुन्यात कोठे गुळाचे पाणी, कोठे बेलफळाचा गर, कोठे हिरडा, कोठे उडीद घालत. त्यामुळे चुना चिकट होई व दगड घट्ट धरी. आजही जुन्या वाड्यांची आणि देवळांची दुरुस्ती करताना जाणकार लोक असा चुना करतात. काही गावांत ते दगडी चाक नुसते पडलेले असते. पोरे त्यावर बसून खेळतात.

पण चुन्याची एक खोड असते. तो सावकाश धरतो. ओल्या चुन्यावर अवकाळी पाऊस आला किंवा पाणी चढले तर तो धुऊन जातो. दिवसा बांधलेले रात्री पडण्याचे हेही एक कारण असेल.

जुन्या पुलांना कमानी असतात, त्याचेही कारण आहे. दगडाला दाबले तर तो सोसतो, ताणले तर तुटतो. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो. वरून गाडी गेली की दाब वाढतो, म्हणजे कमान आणखी घट्ट बसते. आधी लाकडी साचा करायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड बसवत यायचे आणि मध्यावर शेवटचा दगड घालायचा. त्याला कळीचा दगड म्हणतात. तो बसला की साचा काढायचा. "साचा काढताना गवंड्याला कमानीखाली उभं केलं होतं," अशी आख्यायिका ठिकठिकाणी सांगतात. तसे घडले असो वा नसो, तिचा अर्थ चांगला आहे: काम करणाऱ्याला आपल्या कामाची खात्री हवी.

पुलाखालचे भूत

मुंजा, हडळ, चकवा. पांढऱ्या लुगड्यातली बाई हात दाखवून गाडी थांबवते. सायकलवाल्याला मागे कोणी बसल्यासारखे वाटते आणि पूल संपला की सायकल हलकी होते. या गोष्टी थंडीच्या दिवसांत शेकोटीजवळ ऐकायला फार मजा येते.

त्या पुलालाच का चिकटतात? पूल गावापासून दूर असतो. दिवा नसतो. मसणवटा बहुधा नदीकाठीच. कमानीत वटवाघळे लटकतात. रात्री पाण्याचा आवाज कमानीत घुमतो आणि कोणी कण्हल्यासारखे वाटते. पहाटे नदीवर धुके असते, त्यात एरंडाचे झाडही बाई दिसते. शिवाय पुलावर खरेच अपघात होतात, कारण रस्ता रुंद आणि पूल अरुंद. मेलेल्या माणसाची आठवण राहते, तिचे भूत होते.

येथे आमचे म्हणणे इतकेच. जेथे भूत आहे असे गाव म्हणते, तेथे एकदा दिवसा जाऊन पाहावे. वळण आंधळे आहे काय? कठडा तुटला आहे काय? खड्डा आहे काय? ग्रामसभेत "पुलावर भूत आहे" असे सांगून काही होत नाही. "पुलाचा कठडा तुटला आहे, दिवा नाही, येथे अपघात होतात" असा अर्ज दिला तर काही होऊ शकते. आता आपल्याला अर्ज लिहिता येतो.

पुराची खूण

आता सर्वांत मोलाची गोष्ट. ती म्हणजे पुराची आठवण. "आमच्या आजाच्या वेळी पाणी मारुतीच्या पायरीला लागलं होतं." "त्या साली पुलाचा कठडा दिसत नव्हता." अशी आठवण सांगणाऱ्याला आपण म्हातारा म्हणून गप्प बसवतो. बसवू नये. त्याच्याजवळ गावाचा पुराचा दप्तरखाना आहे.

सांगलीचे उदाहरण घ्या. कृष्णेवर तेथे आयर्विन पूल आहे. तो १९२९ साली झाला. त्याच्यावर पाण्याचे माप लिहिलेले आहे. पावसाळ्यात सांगलीची माणसे एकमेकांना भेटली की विचारतात, "आयर्विनला किती झालं?" ४० फूट म्हणजे सावध व्हायचे. ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि निम्मे शहर पाण्यात बुडाले. तेथे पुलाची आठवण आकड्यांत लिहिलेली आहे, म्हणून ती भाजीवालीलाही समजते. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. तेव्हाचे पाणी कोठवर आले होते, ते लोक पुढे कित्येक वर्षे भिंतीवर हात ठेवून दाखवीत असत.

आपल्या पूर्णेचेही माप घेतात. नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाताना येरळीजवळ पूर्णा लागते. येरळी येथे केंद्रीय जल आयोगाचे पाणी मोजण्याचे केंद्र आहे. पूर्णेचे पाणी पुढे तापीला मिळते, मग भुसावळजवळ हतनूर धरणात जाते, तेथून गुजरातेत उकाई धरणात आणि शेवटी सुरतेला समुद्रात. २००६ साली सुरत शहर तापीच्या पुरात बुडाले होते. म्हणजे आपल्या नदीचा आकडा परमुलखातल्या माणसांच्याही उपयोगाचा आहे.

पुलाच्या खांबावर रंगवलेली मापपट्टी कधी पाहिली आहे काय? तिच्यावर मीटरचे आकडे खालून वर चढत जातात. पाणी ज्या आकड्याला टेकले असेल ती पाण्याची पातळी. पूर्वी ते आकडे आपल्याला नक्षीसारखे दिसत. आता ते वाचता येतात. जाता-येता वाचावेत.

रपट्यावरचे पाणी

आपल्याकडे उंच पुलांपेक्षा रपटे पुष्कळ. रपटा म्हणजे बुटका पूल. नाल्यात पाइप टाकून वर फरशी केलेली असते. पूर आला की पाणी वरून जाते. तसे ते जावे म्हणूनच तो बुटका बांधलेला असतो. पाणी उतरेपर्यंत थांबावे, हा त्याचा नियम.

आणि येथेच घात होतो. "गुडघाभर तर पाणी हाये, चाल!" असे कोणी म्हणते. मंडळी, वाहते पाणी नुसते खोलीवर मोजू नये. त्याचा जोर वेगावर असतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. अर्धा फूट वेगाचे पाणी उभ्या माणसाला पाडू शकते. एक फूट पाणी लहान मोटार उचलते. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही.

२८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागाव येथे पुलावरून पाणी वाहत होते. एस.टी.ची बस त्या पाण्यात घातली. बस वाहून गेली, काहींचे प्राण गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला. अंधारात दोन एस.टी. बसगाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. सुमारे चाळीस माणसे गेली. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला. तो धोक्याचा म्हणून आधीच जाहीर झाला होता. तरी सुट्टीच्या दिवशी पूर पाहायला त्यावर गर्दी झाली. चार माणसे मेली आणि पन्नासांहून अधिक जखमी झाली. आपल्या जिल्ह्यातही २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नदीनाले गावांत शिरले, वावरे खरडून गेली.

या चार घटना लक्षात ठेवाव्यात. पुलाने कोणाचा बळी मागितला नव्हता. एके ठिकाणी घाई झाली. एके ठिकाणी जुने बांधकाम पुरापुढे टिकले नाही. एके ठिकाणी पाटी होती, पण तिचे कोणी ऐकले नाही. आणि एके ठिकाणी आभाळच फाटले.

म्हणून जुन्या पुलाकडे आपणही लक्ष ठेवावे. कमानीतला दगड निखळला, खांबाला उभी भेग पडली, बुडाची रेती उकरली गेली, कठडा गेला, सांध्यात पिंपळ उगवला, तर ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. पिंपळ पूज्य आहे हे खरे, पण त्याची मुळे दगड फोडतात. तो लहान असतानाच काढून दुसरीकडे लावावा. कळवलेल्या कागदाची एक प्रत पोच घेऊन जवळ ठेवावी.

आपल्या पुलाची गोष्ट लिहू या

निवडणे संपले. खडे कोणते ते आपण पाहिले: बळीची आवई आणि परक्यावरचा संशय. दाणे पुष्कळ आहेत. डोंग्यावाल्याची आठवण, गुळाचा चुना, खडी फोडणारी आजी, मारुतीच्या पायरीचे पाणी. नवी नवरी पूल ओलांडताना नदीची ओटी भरते, तेही दाण्यांतच घालावे. नदीने आजवर वाट दिली, याचे ते आभार आहेत.

हे सारे आजवर तोंडीच राहिले, कारण ज्यांना ठाऊक होते त्यांना लिहिता येत नव्हते. ज्यांना लिहिता येत होते ते दुसऱ्या गावचे होते. आता तसे नाही. एक वही घ्या. पहिल्या पानावर पुलाचे नाव आणि नदीचे नाव लिहा. मग गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडे जा आणि विचारा, "बाबा, पाणी कुठवर आलं होतं?" तो सांगेल ती जागा लिहा, साल लिहा, सांगणाऱ्याचे नाव लिहा. साल आठवत नसेल तर, "थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी" असे तो सांगेल. तेही लिहा. हिशेब मागून लावता येतो. माणूस गेल्यावर विचारता येत नाही.

प्रश्न

१. पूर्णा नदी कोठे उगम पावते? ती कोणत्या नदीला मिळते?
२. नदीच्या गाळात खांबाचा पाया कसा घालतात?
३. पूर आला असता वाहते पाणी नुसते खोलीवर का मोजू नये?
४. गावात मुले पळवणाऱ्यांची आवई उठली तर आपण काय कराल?

करून पहा

आपल्या गावाजवळच्या पुलाला किंवा रपट्याला दिवसा भेट द्या. त्यावर लिहिलेले साल, पाटी आणि मापपट्टीचे आकडे वाचा व वहीत उतरवा. घरी आल्यावर मोठ्या माणसांना वाचून दाखवा. ते आणखी एक तरी गोष्ट सांगतील. तीही लिहून घ्या.